बर्फाचा कारखाना : एका उन्हाळ्यात तिसरं शाफ्ट सील! चूक कुणाची?

लादीवाला | १९ एप्रिल, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा वडिलांच्या काळापासूनचा बर्फाचा कारखाना आहे. अमोनिया प्लँट, चार सिलिंडरचा ओपन टाइप (मोटर बाहेर असलेला) कॉम्प्रेसर, बेल्टवर चालणारा. इतक्या वर्षांत शाफ्ट सील (शाफ्ट बाहेर येतो तिथे गॅस अडवणारा भाग) दोन-तीनदाच बदललं असेल. यंदा मार्चपासून आजपर्यंत तिसरं. पहिलं २६ दिवस टिकलं, दुसरं १९.

आज दुपारी बाहेर ४३ अंश, दारात रसवंतीवाले आणि एक लग्नाचा केटरर उभा, आणि फ्लायव्हीलमागून तेलाची धार. पाठोपाठ तो वास. डोळ्यांतून पाणी काढत प्लँट बंद केला.

मेकॅनिक म्हणतो, "सील डुप्लिकेट येतंय." दुकानदार म्हणतो, "तुमच्या मेकॅनिकला बसवता येत नाही." वडील म्हणतात, "तू कारखाना बघायला लागल्यापासून सुरू झालंय हे."

तिघांपैकी कोण बरोबर, ते कृपया सांगा. सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब) २० पौंड, हेड (बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) २२५-२३०, ऑइल प्रेशर सुरुवातीला ठीक, दुपारी थोडं उतरतं. सकाळी चालू करताना तेलाच्या काचेत फेस दिसतो.

---

चादर_चोवीस | ११:१४

वडील बरोबर.

---

सात_रस्ता | ११:३०

ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)

पण मेकॅनिकलाही पूर्ण खोटं ठरवू नका. माझ्या चुलत्यांच्या आइस्क्रीमच्या युनिटला दोन वर्षांपूर्वी असंच झालं. बॉक्स अगदी ओरिजिनलसारखा, आत ओ-रिंग साध्या रबराची. आठ दिवसांत फुगून पुरीसारखी झाली. जुनी आणि नवी ओ-रिंग एक रात्र तेलात बुडवून ठेवली तर फरक सकाळी कळतो. दुकानदाराला हे सांगितल्यावर त्याने चहा पाजला, पैसे काही दिले नाहीत.

---

अमोनियाकाका | २० एप्रिल, सकाळी ६:२०

लादीवाला, ३८ वर्षं याच वासात काढली, म्हणून हक्काने लिहितो. आधी सील म्हणजे काय ते समजून घ्या, मग कोण बरोबर ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मोटर बाहेर, क्रँक आत, म्हणजे शाफ्ट कुठून तरी बाहेर येणारच. त्या भोकात दोन कड्या एकमेकींना घासत बसलेल्या असतात. एक कार्बनची, एक लोखंडाची. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी कव्हरमध्ये स्थिर. मागून स्प्रिंग दाबते आणि शाफ्टच्या अंगाला ओ-रिंग असते. कड्यांचे चेहरे इतके सपाट घासलेले असतात की ते तपासायला काचेची तबकडी आणि एकरंगी दिवा लागतो. उजेडाच्या पट्ट्या मोजायच्या. एक पट्टी म्हणजे ०.२९ मायक्रॉन, आणि चांगल्या सीलला दोन-तीन पट्ट्यांच्या वर फरक चालत नाही. आपल्या डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो.

आता मुख्य गोष्ट. वायू अडवतात ते हे चेहरे नव्हेत. त्यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो अडवतो. पापुद्रा आहे तोवर कड्या एकमेकींना टेकतच नाहीत म्हणा ना. तो गेला की कार्बन सुका घासतो, तापतो, आणि तुमचे १९ दिवस पूर्ण होतात.

म्हणून सील का गेलं हे विचारू नका. पापुद्रा का गेला ते विचारा.

तुमच्या पोस्टमधला सकाळचा फेस मला खटकतो. अमोनिया आपल्या खनिज तेलात फारसा विरघळत नाही. तरी फेस येतोय म्हणजे रात्री द्रव अमोनिया क्रँककेसमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तळाच्या तेलाच्या पेटीत, येऊन बसतोय. चालू केल्यावर तो उकळतो, तेलाला ढवळून काढतो, ऑइल पंपाला तेलाऐवजी फेस मिळतो आणि सीलपर्यंत काहीच पोचत नाही. लाइट गेली की तुमचा रात्रपाळीचा ऑपरेटर लिक्विड लाइनचा व्हॉल्व्ह बंद करतो का? खरं सांगा.

---

लादीवाला | सकाळी ९:४०

काका, खरं सांगतो. तो झोपतो.

---

तिरपा_बेल्ट | सकाळी १०:०२

काकांबद्दल आदर आहे, पण ते फेसात अडकले असं वाटतं. बेल्टवाली मशीन म्हटल्यावर पहिला संशय बेल्टवर घ्यायला हवा.

आमच्याकडे चिंचोळीत एका प्लँटला बेल्ट घसरतात म्हणून ऑपरेटरने मोटर मागे ओढून ओढून बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखे केले होते. फ्लायव्हीलकडचं बेअरिंग एका अंगाने खाल्लं गेलं, शाफ्ट तिरका धावायला लागला, आणि सील जातंय म्हणून चार सीलं बदलली. पाचव्या वेळी मी शाफ्ट किती हलतो ते मोजणारा डायल लावला. सुई बघून मालकाने खुर्ची मागितली.

लादीवाला, जुनं सील फेकलंत का? नसेल तर कार्बनवरचा घासल्याचा पट्टा बघा. समोरच्या कडीपेक्षा रुंद असेल किंवा एका बाजूला खोल असेल तर शाफ्ट हलतोय. सगळीकडे सारखा असेल तर मी गप्प बसतो.

---

पॉलीवाला | सकाळी ११:२५

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बावळट असेल तर माफ करा. घरच्या फ्रिजसारखा मोटरसकट बंद डबा का नाही करत? शाफ्टच बाहेर नाही तर सीलचा प्रश्नच नाही.

---

अमोनियाकाका | दुपारी १२:१०

बावळट नाही, चांगला प्रश्न आहे. अमोनिया तांब्याला खातो, विशेषतः ओलसरपणा असला की. मोटरची वाइंडिंग तांब्याची, ती अमोनियात कशी ठेवणार? म्हणून तर प्लँटमध्ये पितळेचा एक कॉकसुद्धा लावत नाहीत, सगळं लोखंड. तुमच्या फ्रिजमध्ये वेगळा गॅस असतो, त्याचं आणि तांब्याचं जमतं.

---

स्टेपनी | दुपारी १:४८

थोडं अवांतर. गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा ओपन टाइपच, पुलीमागे तसंच सील. विजापूर रोडला माझं गॅरेज आहे. मार्च उजाडला की रांग लागते, "गेल्या वर्षी गॅस भरला होता, गेला कुठे?" थंडीत चार महिने एसी बंद ठेवतात. सीलवरचं तेल खाली उतरतं, ओठ सुकतो, पहिल्याच दिवशी गॅस सुटतो. मी सगळ्यांना सांगतो, डिसेंबरातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावा. ऐकतो कोण? जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाताना एसी लावला तर बायको म्हणते वेड लागलंय का.

आणि जुन्या गाड्यांत आर-१२ हा जुना गॅस काढून आर-१३४ए हा नवा भरायची लाट आली होती, तेव्हा तर सीलांचा पाऊस पडला. गॅस बदलला, तेल बदललं, ओ-रिंग तीच जुनी. जुन्या तेलात फुगून घट्ट बसलेली रिंग नव्या तेलात आकसायची.

---

बेदाणा_ताई | दुपारी ३:३०

स्टेपनीदादांचं आमच्या धंद्याला तंतोतंत लागू पडतं. आमचं पंढरपूरकडे कोल्ड स्टोरेज आहे. बेदाण्याच्या खोल्या वर्षभर चालतात, तिथलं सील सहसा त्रास देत नाही. पण द्राक्षाच्या प्री-कूलिंगचा (माल आल्या आल्या थंड करायचा) कॉम्प्रेसर फेब्रुवारी ते एप्रिल चालणार आणि मग नऊ-दहा महिने आराम. दर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गळती ठरलेली!

आमचे दीर म्हणायचे मशीन जुनं झालंय, नवीन घेऊ. शेवटी पुण्याहून आलेल्या एका वयस्कर इंजिनिअरांनी सील उघडून दाखवलं. दोन्ही कड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. झटक्यात मोटर चालू केली की कार्बनचा टवका उडतो. तेव्हापासून दर सोमवारी आमचा माणूस फ्लायव्हील हाताने दहा-बारा फेरे फिरवतो. मी वहीत सही घेते. सही नसली की पगाराच्या दिवशी आठवण करून देते. तीन हंगाम झाले, सील तेच आहे.

---

चादर_चोवीस | दुपारी ३:४१

ताई, ती वही आमच्या ऑफिसलाही पाठवा.

---

होटगीकर | सायंकाळी ७:१५

सगळं वाचलं. ओ-रिंग, फेस, बेल्ट, सुकलेलं सील, सगळी कारणं खरी आहेत. पण लादीवाल्यांच्या आकड्यांकडे कुणी बघितलंच नाही. हेड २३० पौंड!

कंडेन्सरमध्ये अमोनियाचा ४० अंशाला द्रव होतो असं धरलं तर गेजवर साधारण २१० पौंड दिसतात. २३० म्हणजे त्याच्याही वर. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा अमोनिया मुळातच गरम, १२०-१३० अंशांच्या घरात, त्यात हेड वाढलं की अजून चढतं. ही उष्णता तेलात उतरते आणि तेल पातळ होतं. दुपारी ऑइल प्रेशर उतरतंय हे त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की. पातळ तेलाचा पापुद्रा टिकत नाही, आणि सीलच्या चेहऱ्यावर तेच तेल करपून बसतं.

मला तीन गोष्टी हव्यात. दुपारी दोन वाजता क्रँककेसला हात लावून बघा, किती वेळ ठेवता येतो. कंडेन्सरचे पाइप कसे दिसतात ते सांगा. आणि मार्चपासून पाण्यात काही बदल झालाय का?

---

लादीवाला | २१ एप्रिल, रात्री १०:५०

होटगीकर सर, तुम्ही कारखान्यात येऊन गेलात की काय?

मार्चपासून नळाला पाणी येण्यातले दिवस अजून लांबले, तुम्हाला माहीतच आहे. टँकर परवडेना म्हणून २ मार्चला नवीन बोअर घेतला आणि कंडेन्सरला तेच पाणी सोडलं. पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. कंडेन्सरच्या पाइपांवर पांढरी खरपुडी धरलीय, नखाने निघत नाही, छिन्नी लावली तेव्हा पोपडा निघाला. क्रँककेसला हात चार सेकंदसुद्धा ठेवता आला नाही.

तिरपा_बेल्ट, जुनी दोन सीलं भंगाराच्या डब्यात सापडली. घासल्याचा पट्टा सगळीकडे सारखा आहे. पण चेहऱ्यावर काळा कडक थर आहे, करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा. ओ-रिंग वाकवली तर कट्कन मोडली.

---

तिरपा_बेल्ट | रात्री ११:०२

मी गप्प बसलो. :)

---

अमोनियाकाका | २२ एप्रिल, सकाळी ६:०५

होटगीकर, मानलं. मी फेस बघितला आणि हेडचा आकडा नजरेआड केला, म्हातारपण दुसरं काय. फेसाचं मात्र मी सोडत नाही. उष्णतेने सील अर्धमेलं होतं आणि सकाळच्या फेसात उरलेलं जातं, असं दोन्ही मिळून चाललंय. ऑपरेटरला उठवा.

लादीवाला, आता नीट ऐका. तुमच्या मशीनला ऑइल कूलर आणि सिलिंडर हेडभोवतीचं पाण्याचं जॅकेट आहे ना? त्यालाही हेच बोअरचं पाणी जातंय का? कंडेन्सरचा पाइप बाहेरून दिसतो. ऑइल कूलरचा आतून बुजतो आणि दिसत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली लावा, किती वेळात भरते ते बघा.

हेड वाढायला आणखी एक कारण असतं, सिस्टिममध्ये शिरलेली हवा. सक्शन वातावरणाच्या दाबाखाली गेलं तर गळकं सील बाहेरची हवा आणि ओल आत ओढतं. तुमचं सक्शन २० पौंड, म्हणून चालू असताना ती भीती नाही. पण सील बदलताना क्रँककेस उघडलं होतं, नंतर व्हॅक्यूम नीट केला का, म्हणजे आतली हवा सगळी ओढून काढली का?

---

सात_रस्ता | सकाळी ८:३३

आणि बसवणाऱ्याचे हात? ते राहिलंच की. आमच्याकडचा मेकॅनिक तंबाखू मळायचा, त्याच बोटांनी कार्बनचा चेहरा पुसून बघायचा, "एकदम गुळगुळीत हाय मालक." मग टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या चिंध्यांनी पुन्हा पुसायचा. आपल्या सोलापुरात टेरी टॉवेलच्या चिंध्यांना काय तोटा! काका म्हणतात मायक्रॉन, आणि टॉवेलचं एक लव म्हणजे त्या चेहऱ्यांमध्ये दोरखंड टाकल्यासारखं.

---

अमोनियाकाका | सकाळी ८:५०

सात_रस्ता, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. चेहऱ्याला बोट लावायचंच नाही. प्लँटचंच स्वच्छ तेल दोन थेंब सोडायचं आणि बसवायचं. शाफ्टवर जुन्या ओ-रिंगने चर पाडलाय का तेही नखाने बघायचं. चरावर नवीन रिंग बसवली तर ती पहिल्या दिवसापासून गळते, आणि बोल सीलला लागतो.

---

पॉलीवाला | दुपारी २:१५

काका, गळती शोधायची कशी? वास तर सगळीकडेच येतो.

---

अमोनियाकाका | दुपारी २:४०

गंधकाची कांडी पेटवून जवळ नेली की गळतीपाशी दाट पांढरा धूर होतो. किंवा ओला लाल लिटमस, तो निळा होतो. नाक चांगलं हत्यार आहे, पण वास असह्य झाला की हत्यार टाकून पळायचं. तिथे कुणी शूर नसतो. नाकातोंडावर ओला पंचा धरायचा, कारण पाणी अमोनियाला लगेच शोषून घेतं. पण सांडलेल्या द्रव अमोनियावर पाण्याचा फवारा मारायचा नाही, भसकन वाफ उठते. हे कुणी विसरू नका रे पोरांनो.

---

काय_बे | सायंकाळी ५:००

मी कुल्फीच्या रेसिपीचा धागा समजून आलतो. दोन पानं वाचली बे. आता घरातला फ्रिज बघूनसुद्धा भीती वाटायला लागली.

---

स्टेपनी | सायंकाळी ५:२०

काय_बे, तुमच्या फ्रिजला शाफ्ट सील नाही. भीती ठेवायचीच असेल तर गाडीच्या एसीची ठेवा.

---

लादीवाला | ३० एप्रिल, रात्री ११:३०

उशीर झाला, पण सगळं सांगतो.

बादली लावली. दहा लिटरची बादली भरायला सहा मिनिटं लागली. ऑइल कूलरची लाइन खोलली. पाऊण इंची पाइप, आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक. खरवडल्यावर आतून दगडासारखे चकत्या-चकत्यांचे तुकडे निघाले. एक वडिलांच्या टेबलावर ठेवलाय.

दोन दिवस प्लँट बंद ठेवला. लग्नाच्या दोन ऑर्डर गेल्या, केटररच्या शिव्या खाल्ल्या. कंडेन्सर घासला, लाइनला ॲसिड फिरवून धुतलं, बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर (जडपणा काढणारं यंत्र) बसवला. तेल पूर्ण बदललं. जुनं तेल डांबरासारखं काळं होतं. नवीन सील मी स्वतः समोर उभा राहून बसवून घेतलं. मेकॅनिकने हात साबणाने धुतले, थोडं रागावूनच. व्हॅक्यूम नीट केला, काका.

आता दुपारी हेड १९० वर आहे, ऑइल प्रेशर दिवसभर हलत नाही. रात्री लाइट गेली की लिक्विड लाइन आपोआप बंद व्हावी म्हणून विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावला, कारण ऑपरेटर अजूनही झोपतो.

दुकानदाराला आणि मेकॅनिकला एकत्र बसवून चहा पाजला. वडील म्हणाले, "बोअर तूच घेतला होतास ना?" म्हणजे ते बरोबर ठरले.

---

चादर_चोवीस | रात्री ११:३४

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

---

बेदाणा_ताई | १ मे, सकाळी ९:१०

अभिनंदन! सॉफ्टनरचं मीठ वेळेवर टाकताय का, त्याचीही वही ठेवा. आमचा सॉफ्टनर वर्षभर नुसता शोभेला उभा होता.

---

लादीवाला | २ जून, दुपारी ४:१५

धागा वर काढतोय. सील ३५ दिवस झाले, चालू आहे. पण कव्हरखालून थेंब पडतोय. बघून पोटात गोळा आला. तासाला पाच-सहा थेंब, वास अजिबात नाही. पुन्हा उघडू का?

---

होटगीकर | दुपारी ४:५०

अजिबात नको. चेहऱ्यांमध्ये तेल आहे म्हणूनच थोडं बाहेर येतंय. मशीनच्या पुस्तकात किती थेंब चालतात तो आकडा असतो, तो बघून ठेवा. थेंबांची धार झाली किंवा वास आला तर उघडा. तोवर खाली काहीतरी ठेवा आणि रोज किती जमतं ते बघा.

---

अमोनियाकाका | सायंकाळी ५:३०

अनुमोदन. पूर्ण कोरडं सील दिसलं की मलाच धाकधूक होते.

---

लादीवाला | सायंकाळी ६:०५

आईकडून शेंगाचटणीची रिकामी बरणी आणून खाली ठेवलीय.

---

काय_बे | सायंकाळी ६:११

बरणीवर चिठ्ठी लाव बे. नाहीतर रात्रपाळीवाला झोपेतून उठून भाकरीला लावून घेईल.